नातवाच्या दातांसाठी ठेवलेली वही

माझ्या नातवाचे वरचे पुढचे चार दात तिसरं वर्ष लागायच्या आत तपकिरी पडून झिजायला लागले. खालचे मात्र पांढरेशुभ्र. दातांच्या डॉक्टरबाईंनी तोंडात बॅटरी मारली आणि पहिलंच विचारलं, "रात्री बाटली तोंडात धरून झोपतो का?" झोपायचा. त्या दुधात अर्धा चमचा साखर मीच घालत होते. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या दातांवर साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, म्हणून ते वाचतात.

डॉक्टरबाईंनी लेप लावला आणि मला एक काम दिलं. तुमच्या घरात लहान मूल असेल तर तुम्हीही इथूनच सुरुवात करा. चार दिवस, त्यात एक रविवार धरून, पाणी सोडून जे जे तोंडात जाईल ते वेळेसकट वहीत लिहा. "एकच बिस्किट" असलं तरी लिहा.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं होतं: सकाळी ७ चहात बुडवलेलं बिस्किट, ८ दूध, ९.३० शिरा, ११ राजगिऱ्याचा लाडू, १२.३० वरणभात, २ गूळपापडी, ४ दूध-बिस्किट, ५ शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेला पेढा, ६.३० केळं, ८ जेवण, ९ बाटली. कुठलीच गोष्ट फार नव्हती. पण अकरा वेळा!

दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात आणि ते दाताचं वरचं कवच विरघळवतं. लाळ ते आम्ल धुऊन दाताची झीज भरून काढते, पण तिला अर्धा-एक तास लागतो. आमच्या पोराच्या लाळेला दिवसभर सवडच मिळत नव्हती. म्हणून चमचे मोजण्याआधी वेळा मोजा.

मी गोड बंद केलं नाही, जेवणात नेलं. लाडू खायचाय? दुपारच्या ताटात घे. जेवताना लाळ भरपूर सुटते, त्यामुळे नुकसान कमी होतं. तीन जेवणं आणि मधे दोनदा खाणं, बाकी वेळ फक्त पाणी. मधल्या खाण्याला काकडी, उकडलेलं अंडं, पनीरचे तुकडे, साधं ताक, नाहीतर भाकरीला शेंगदाण्याचं कूट. अख्खे शेंगदाणे इतक्या लहान मुलाला देऊ नका, घशात अडकतात.

बिस्किटाबद्दल माझा फार गैरसमज होता. मऊ, पचायला हलकं म्हणून मी ते द्यायची. पण मैदा-साखरेचा तो लगदा दाढांच्या खाचांत चॉकलेटपेक्षाही जास्त वेळ बसून राहतो. आणि गूळ किंवा मध "नैसर्गिक" म्हणून दाताला चालतो, असं मुळीच नाही. जंतूंना तीही साखरच. वर्षाच्या आतल्या बाळाला तर गुटीतूनही मध नको, त्याचा धोका वेगळाच आहे.

बाटली सोडवणं सगळ्यांत अवघड गेलं. आधी साखर काढली, मग दूध थोडं थोडं पातळ करत शेवटी नुसतं पाणी. आठ रात्री रडला. नववीला पाण्याची बाटली ढकलून माझ्या कुशीत झोपला. दूध आता संध्याकाळी कपातून, दात घासायच्या आधी. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी. घासल्यावर काही नाही. खोकल्याचं औषधही गोड असतं, तेही घासण्याआधीच द्या.

कोकम किंवा लिंबाचं सरबत घोट घोट तासभर पीत बसू देऊ नका. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरायची, ब्रश मात्र अर्ध्या-एक तासाने. आंबटाने कवच थोडा वेळ मऊ पडलेलं असतं.

"दुधाचेच दात, पडणारच की," असं मला बऱ्याच जणींनी ऐकवलं. पण दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात, नंतर येणाऱ्या कायमच्या दातांची जागा त्याच धरून ठेवतात. शिवाय सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे एक दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती दुधाचीच वाटते, पण असते कायमची. आमच्याकडे ती गेल्या महिन्यात डोकावली. दर रविवारी न्हाणं झालं की मी त्याला खिडकीत बसवते आणि बॅटरी घेऊन तिच्या खाचा बघते.