यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएतील भेद शोधताना या चुका टाळा

काजूच्या हंगामात भट्टीवरून आणलेला निरो (काजूच्या बोंडांचा रस) किंवा रेंदेराकडून (माडाचा रस काढणाऱ्याकडून) घेतलेली सूर प्लेटवर पसरली, की दोन दिवसांत यीस्टच्या वसाहती उगवतात, आणि त्यांतील सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचे (पेशीतील श्वसन करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील डीएनएचे) विकराने कापलेल्या तुकड्यांचे पट्टे जेलवर वेगळे दिसताच गोव्यातील एखादा उत्साही विद्यार्थी वहीत ‘नवा वाण’ अशी नोंद करून मोकळा होतो. अशा नोंदींपैकी काही पुढे खोडाव्या लागतात.

सर्वांत महागात पडते ती श्वसनक्षमता न तपासण्याची चूक. ग्लुकोज मिळाले की यीस्ट केवळ आंबवण्यावर जगते. त्यामुळे मायटोकॉन्ड्रियल डीएनए तुटला किंवा पुरता नाहीसा झाला, तरी वसाहत वाढतच राहते, फक्त आकाराने लहान राहते. जनुकशास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसी यांनी १९४९ च्या सुमारास अभ्यासलेली ‘पेटीट’ उत्परिवर्तके ती हीच, आणि प्रयोगशाळेतील अनेक वाणांत ती शेकडा एकाच्या आसपास आपोआप निर्माण होतात. त्यांच्यापैकी काहींत मूळ डीएनएचा एखादाच तुकडा उरतो व त्याचीच पुनरावृत्ती होते, म्हणून जेलवर पट्टे मोजकेच पण ठळक उमटतात. असे चित्र दिसल्यास वाण नवा आहे असे मानण्यापूर्वी ती वसाहत ३ टक्के ग्लिसरॉल हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या माध्यमावर वाढवून पाहावी, कारण ग्लिसरॉलवर जगण्यासाठी श्वसन लागतेच. तेथे ती वाढली नाही, तर भेदाच्या तक्त्यात तिला स्थान नाही. खरे तर ही तपासणी डीएनए काढण्यापूर्वीच व्हायला हवी, पण घाईत नेमकी तीच राहून जाते.

पट्ट्यांच्या लांबीची ढोबळ बेरीजही करून पाहावी. एस२८८सी या संदर्भ वाणाचा मायटोकॉन्ड्रियल जीनोम (संपूर्ण डीएनए) ८५,७७९ बेस-जोड्यांचा आहे. बेरीज याच्या कितीतरी पुढे गेली, तर विकराने डीएनए अर्धवट कापला असेल किंवा वसाहत दोन वाणांची मिसळ असेल.

पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) फसला म्हणजे जनुक नाही, हा निष्कर्षही घाईचा ठरतो. प्रथिने घडवणारी मुख्य आठ जनुके वाणावाणांत फारशी बदलत नाहीत. लांबीतील फरक बहुतांशी इंट्रॉन (जनुकातील प्रथिन न घडवणारे भाग), जीसी-समूह (जी आणि सी बेसांचे छोटे पुंजके) आणि जनुकांमधील मोकळ्या भागांमुळे पडतो. यांपैकी कॉक्स-१ या जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग सुमारे १,६०० जोड्यांचा असला, तरी एस२८८सीमध्ये इंट्रॉनांसह हे जनुक १२ हजार जोड्यांच्या पुढे जाते, आणि एवढा तुकडा पीसीआरमधील तुकडा वाढवण्याच्या नेहमीच्या दीड मिनिटाच्या टप्प्यात तयार होणे शक्य नाही. शिवाय या जीनोमचा सुमारे ८३ टक्के भाग ए आणि टी या बेसांचाच असल्याने ७२ ऐवजी ६० ते ६५ अंशांवर तुकडा वाढवून पाहणे हिताचे असते.

डीएनएतील बेसांची क्रमवारी हाती आल्यावर जनुकाच्या मधोमध थांबा-संकेत (प्रथिन तिथेच संपते असे सांगणारा संकेत) दिसला, तर प्रथम संकेतांवरून अमिनो आम्ले ठरवणारा भाषांतराचा तक्ता पाहावा. यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियात यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन आणि सीयू ने सुरू होणारे चारही संकेत म्हणजे थ्रिओनिन. संगणकात यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियासाठीचा तक्ता क्रमांक ३ निवडलेला नसेल, तर दोष वाणाचा नसून आपला असतो.

केवळ आईकडून येणाऱ्या मानवी मायटोकॉन्ड्रियाची सवय असलेल्यांची आणखी एक चूक वंशवृक्ष काढताना होते. यीस्टच्या संकरात हा डीएनए दोन्ही जनकांकडून येतो, त्याचे पुनर्संयोजन होते, आणि साधारण वीस पिढ्यांत बहुतेक पेशींमध्ये एकच प्रकार उरतो. म्हणून एकाच मडक्यातील सुरेतून निवडलेल्या वाणांचे नाते केवळ या पट्ट्यांवरून ठरवू नये. केंद्रकातील काही खुणाही सोबत तपासाव्यात.