नौदलातल्या आजोबांची सेवा कशी लिहून काढावी

मराठवाड्याला समुद्र नाही. त्यामुळे गावातलं कुणी नौदलातून निवृत्त होऊन आलं की त्यांची ओळख ‘मिलिटरीतले साहेब’ एवढ्यावरच थांबते. 26 जानेवारीला शाल-श्रीफळ होतं, ‘1971 च्या लढाईत पदक मिळालं’ हे एक वाक्य माइकवर म्हटलं जातं, आणि लोक चहाकडे वळतात. पदक बहुधा काही तासांच्या कामगिरीचं असतं, नोकरी पंचवीस-तीस वर्षांची. ती सगळी लिहून निघाली पाहिजे. 1971 ला पंचविशीत असलेले अधिकारी आज ऐंशीच्या घरात आहेत. तेव्हा घरात किंवा गल्लीत असे कुणी असतील तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नका.

सुरुवात पदकांपासून करा. चिंच किंवा पितांबरी लावून ती घासू नका. बहुतेक पदकांच्या कडेवर नाव आणि क्रमांक कोरलेला असतो, तो झिजतो. खिडकीजवळ तिरक्या उजेडात पुढचा, मागचा आणि कडेचा फोटो काढा. मग प्रत्येक पदक कशाचं ते ओळखा, कारण छातीवर आठ पदकं म्हणजे आठ पराक्रम नव्हेत. महावीर चक्र, वीर चक्र आणि शौर्यासाठीचं नौसेना पदक ही नेमक्या कामगिरीची. 1971 चं संग्राम पदक मात्र त्या काळात सेवेत असलेल्या जवळपास सगळ्यांना मिळालं, आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदकही तसंच. पश्चिमी स्टार हे पदक आहे की पूर्वी स्टार, यावरून माणूस अरबी समुद्राच्या बाजूला होता की बंगालच्या उपसागरात, ते कळतं. फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह दिसलं तर त्यांचा उल्लेख युद्धवृत्तात, म्हणजे वरिष्ठांनी पाठवलेल्या लढाईच्या अहवालात, झालेला आहे. घरच्यांना हे अनेकदा ठाऊकच नसतं.

त्यानंतर कागद आणि फोटो. लग्नाच्या फोटोतल्या गणवेशाची बाही नीट पाहा. सोनेरी पट्ट्या दोन असतील तर लेफ्टनंट, दोन जाड आणि मध्ये एक बारीक असेल तर लेफ्टनंट कमांडर, तीन म्हणजे कमांडर, चार म्हणजे कॅप्टन. नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. आपल्याकडे ही गल्लत फार होते आणि माणसाचा हुद्दा विनाकारण खाली येतो. जुनी आंतरदेशीय पत्रं सापडली तर त्यावरचं जहाजाचं नाव आणि पोस्टाच्या शिक्क्याची तारीख लगेच टिपून घ्या. शिक्के दरवर्षी फिके होत जातात.

सालं आठवत नसतील तर तारखा विचारत बसू नका. आजींना विचारा, “बहात्तरच्या दुष्काळात आजोबा कुठं होते? सुट्टीवर आले होते का?” किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी? परभणीहून लहान रुळांच्या गाडीनं मनमाडला जाऊन मुंबईची गाडी धरायची, ते दिवस बायकांना लख्ख आठवतात. कुठल्या बदलीला कुठलं मूल कडेवर होतं, तेही. एका वहीत डाव्या बाजूला गावातल्या घटना आणि उजव्या बाजूला त्यांचं जहाज किंवा तळ, असं लिहीत गेलात की सेवेचा सांगाडा उभा राहतो.

आता मुलाखत. एका बैठकीत तासाभरापेक्षा जास्त बसू नका. मोबाइलवर आवाज टिपा, पण त्यांना विचारूनच. “युद्धात काय केलंत?” असं विचारलं तर “आपलं काम केलं” एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी “त्या रात्री जहाजात तुमची जागा कुठे होती? तिथून काय दिसत होतं? शेजारी कोण होतं? शेवटचं जेवण कधी झालं होतं?” असं विचारा. कागद-पेन्सिल पुढे ठेवा आणि जहाज काढून दाखवायला सांगा. ब्रिज (जहाज जिथून चालवतात ती जागा) कुठे, इंजिनरूम कुठे, तोफ कुठे, हे काढताना हात चालतो आणि त्याबरोबर आठवणही चालते. इंजिनरूममधल्या माणसाला समुद्र दिसलेलाच नसतो. त्याचं युद्ध आवाजाचं आणि उष्णतेचं असतं. ते तसंच लिहा, त्याला डेकवर उभं करू नका.

शांततेच्या काळाला किमान तेवढाच वेळ द्या. माझ्या मते हा भाग जास्त मोलाचा, कारण तो कुठल्याही प्रशस्तिपत्रात येत नाही. कॅप्टन मोहन नारायण राव सामंत यांचं उदाहरण घ्या. 1971 मध्ये आजच्या बांगलादेशातल्या मोंगला-खुलनाच्या नद्यांमध्ये मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या, बोटींसह केलेल्या कारवाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. पण त्याआधी 1969 मध्ये ‘करंज’ ही पाणबुडी नौदलात दाखल झाली तेव्हा तिचे पहिले कमांडिंग अधिकारी तेच होते. नवं जहाज ताब्यात घेणं, पोरांना शिकवणं, किनाऱ्यांचं सर्वेक्षण, वादळात मदतीला धावणं, गोदीत महिनोन्‌महिने चालणारी दुरुस्ती, यातच बहुतेकांचं आयुष्य गेलेलं असतं. रात्रीच्या वॉचबद्दल, म्हणजे पाळीच्या पहाऱ्याबद्दल, विचारा. चार तास अंधारात उभं राहून काय पाहायचं असतं, हे सांगताना बोलणं आपोआप खुलतं.

मग पडताळणी. ‘कराचीला होतो’ असं ते म्हणाले तर कराचीवरच्या हल्ल्याची 4 डिसेंबर 1971 च्या रात्रीची ‘ट्रायडेंट’ मोहीम की 8 तारखेच्या रात्रीची ‘पायथन’, हे विचारा. पहिलीत ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौका होत्या, दुसरीत ‘विनाश’. 9 डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका बुडाली. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. तो विषय निघाला तर घाई करू नका. त्या रात्री गेलेल्यांत त्यांचे सोबती असू शकतात. शौर्यपदकांची नोंद भारताच्या राजपत्रात असते, संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरही नावं शोधता येतात. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, अधिकाऱ्यांच्या दिल्लीच्या नौदल मुख्यालयात. अर्ज स्वतः त्यांनी किंवा पत्नीने करावा. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात आधी जाऊन या, म्हणजे कुठे काय लिहायचं ते समजेल. आठवण आणि नोंद जुळली नाही तर दोन्ही लिहा, आठवण खोडू नका.

एखाद्या गोष्टीवर ते “ते राहू दे” म्हणाले तर राहू द्या. काही कामं त्यांनी गुप्ततेच्या शपथेखाली केलेली असतात. पेन्शनच्या कागदाचा क्रमांक, सेवा क्रमांक, आधार हे फोटोत झाका, व्हॉट्सॲपवर तर अजिबात पाठवू नका.

मजकूर तयार झाला की मोठ्या अक्षरात छापून त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, घरातल्या पोरांना शेजारी बसवून. त्यांनी खोडायला सांगितलेलं खोडा, नव्याने आठवलेलं समासात लिहा. त्यानंतरच एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्या आणि एक सैनिक कल्याण कार्यालयात.