मूळ इंजिनासाठी परफॉर्मन्स कॅम कसा निवडावा: ६५० सीसी रॉयल एनफिल्डचे उदाहरण

कॅम म्हणजे आपल्या फुगवट्यांनी (लोबने) इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा. त्याची निवड जाहिरातीतल्या आकड्यांपासून सुरू करू नये. आपले इंजिन आज काय देते, याचा हिशेब आधी मांडावा. २०१८ साली भारतात विक्रीला आलेल्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी ६५० यांचे इंजिन उदाहरणादाखल घेऊ. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या भागात, एकच कॅमशाफ्ट आणि ९.५:१ कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते, ते प्रमाण) अशी त्याची रचना आहे. कंपनीच्या तेव्हाच्या आकड्यांनुसार ५,२५० आरपीएमला ५२ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ७,२५० आरपीएमला सुमारे ४७ बीएचपी शक्ती मिळते. उलट गणित केले, तर ७,२५० आरपीएमला टॉर्क ४६ न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. नव्या कॅमने तिथेही पूर्ण ५२ टिकवून धरला, तरी शक्ती ५३ बीएचपीच्या आसपास थांबेल. मूळ पिस्टन, मूळ हेड आणि मूळ आरपीएम मर्यादा ठेवून केवळ कॅमच्या जोरावर दहा-पंधरा बीएचपी वाढवून देण्याची भाषा कोणी करत असेल, तर त्याच्याकडून डायनोचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख मागावा, आणि तोही मूळ कॅमच्या आलेखासह.

दुसरी पायरी म्हणजे आपण गाडी कोणत्या आरपीएमला चालवतो, हे प्रामाणिकपणे पाहणे. ताम्हिणी किंवा आंबोली घाटात जोडीदार मागे बसलेला असताना ही गाडी बहुतांश वेळ तीन ते पाच हजारांच्या पट्ट्यात फिरते. ज्या कॅमचा फायदा सहा हजारांनंतर सुरू होतो, त्याचा खर्च त्या पट्ट्यात वसूल होत नाही. उलट तिथला पिकअप थोडा मंदावतो.

तो का मंदावतो, हे समजले की निवडीचे निम्मे काम होते. कॅमच्या कागदावर अनेक आकडे असतात, पण मूळ कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी त्यांपैकी मी सर्वांत आधी एकच पाहतो: इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारा व्हॉल्व्ह, कधी बंद होतो. पिस्टन तळ गाठून वर निघाल्यावरही हा व्हॉल्व्ह काही अंश उघडाच असतो. जास्त आरपीएमला आत शिरणाऱ्या हवेला इतका वेग असतो की पिस्टन वर येत असतानाही ती भरतच राहते, त्यामुळे उशिरा बंद होणारा व्हॉल्व्ह तिथे फायद्याचा ठरतो. कमी आरपीएमला मात्र तीच हवा उलटी बाहेर ढकलली जाते आणि ९.५:१ हे कॉम्प्रेशन प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी भरते. रेसच्या इंजिनात हा तोटा जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकून भरून काढतात. मूळ इंजिनात ती सोय नसते. म्हणून दोन कॅममध्ये मन अडकले, तर इनटेक लवकर बंद करणारा घ्यावा.

ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो आणि लिफ्ट म्हणजे तो किती उचलला जातो. ड्युरेशनचे आकडे ताडून पाहताना ते कोणत्या लिफ्टला मोजले आहेत, हे आधी विचारावे. कोणी १ मिमीला मोजतो, कोणी ०.०५० इंचाला, तर कोणी व्हॉल्व्ह हलू लागल्या क्षणापासून. या शेवटच्या पद्धतीत तोच कॅम तीस ते पन्नास अंशांनी मोठा दिसू शकतो. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ, फार वाढला की आयडलिंग अडखळते. न जळलेली हवा एक्झॉस्टमध्ये निसटल्यामुळे ऑक्सिजन सेन्सरही फसतो आणि मिश्रणात पेट्रोल कमी आहे असे समजतो. या इंजिनात दोन्ही बाजूंचे लोब एकाच शाफ्टवर असल्यामुळे त्यांच्यातला कोन नंतर बदलता येत नाही, त्यामुळे ही तडजोड विकत घेतानाच ठरते.

लिफ्टचे आकर्षण सर्वांना असते, पण हॉलचे दार कितीही रुंद उघडले तरी बोळ अरुंद असेल तर गर्दी बोळाच्याच वेगाने सरकते. पोर्ट मूळचेच असताना लिफ्ट व्हॉल्व्हच्या व्यासाच्या चतुर्थांशापलीकडे गेली, तर प्रवाह फारसा वाढत नाही. स्प्रिंगवरचा ताण मात्र वाढतो. कॅम मूळ स्प्रिंगवर चालतो, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पूर्ण लिफ्टला स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकण्याआधी दीड मिलिमीटरच्या आसपास जागा उरावी.

बसवताना पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यातले अंतर मोजल्याशिवाय इंजिन फिरवू नये. पिस्टनवर मऊ माती चिकटवून, हेड तात्पुरते बसवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवतात आणि मग मातीची उरलेली जाडी मोजतात. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा सुरक्षित संकेत मानला जातो. व्हॉल्व्ह पिस्टनच्या सर्वांत जवळ नेमके टीडीसीला, म्हणजे पिस्टन सर्वांत वर असतानाच्या क्षणाला, येत नाहीत. एक्झॉस्ट त्याच्या साधारण दहा अंश आधी आणि इनटेक साधारण दहा अंश नंतर येतो. कॅमचे टायमिंग खुणांवर न सोडता डिग्री व्हील (अंश दाखवणारी चकती) आणि डायल गेजने (बारीक हालचाल मोजणाऱ्या मापकाने) कॅमसोबत आलेल्या कार्डाशी पडताळून घ्यावे. हे काम ज्या गॅरेजमध्ये होत नाही, तिथे कॅम बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे मोजण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. वॉरंटी चालू असेल तर ती जाण्याची तयारी हवी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन बदलण्यावर बंधने घालते. कॅममुळे धुरातले घटकही बदलतात, म्हणून ट्रॅकवर चालवायची गाडी आणि रोजची गाडी यांचा विचार वेगवेगळा करावा.

कॅम बसल्यावर इंधनाचे मॅपिंग, म्हणजे कोणत्या आरपीएमला किती पेट्रोल सोडायचे याची मांडणी, डायनोवर करून घेण्याचा खर्च पहिल्याच अंदाजात धरावा, कारण मूळ मॅप मूळ कॅमच्या श्वासासाठी बनवलेला असतो. पहिल्या काही शे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना टॅपेट (व्हॉल्व्हजवळची बारीक फट) पुन्हा तपासावेत, आणि जुना कॅम तेल लावून, त्याच्या रॉकरसह (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या भुजांसह) गुंडाळून ठेवावा. गाडी विकायची वेळ आली की बहुतेक गिऱ्हाइके तोच मागतात.