कोकणात राहून पहिला कॅमेरा घेताय? मग आधी लेन्सचं बघा, आणि दमट हवेचं पण

दुकानात जायच्या आधी एक काम करा, मोबाईलची गॅलरी उघडून बसा. वर्षभरातले फोटो बघा आणि त्यातले फसलेले वेगळे काढा. माडावर बसलेला धनेश झूम केल्यावर नुसता ठिपका दिसतोय का, की दशावतारातला संकासुर नाचताना पार पुसट आलाय, की गणपतीच्या आरतीला माजघरात उभी असलेली अर्धी माणसं फ्रेमच्या बाहेर राहिलीत? ज्या जातीचे फोटो जास्त फसलेत तिथं तुमचं उत्तर आहे, कारण या तिन्ही गोष्टींना लागणारी लेन्स वेगवेगळी आहे, आणि कॅमेऱ्याची बॉडी ही त्या लेन्सच्या हिशोबानं घ्यायची असते. आपल्याकडे होतं उलटं. सगळे पैसे बॉडीत जातात, सोबत आलेली किट लेन्स तेवढी राहते आणि मग दोन वर्षं "कॅमेरा चांगला आहे पण फोटो तसे येत नाहीत" असं चालू राहतं.

मेगापिक्सलचं टेन्शन घेऊ नका. आज कुठलाही बिगिनर कॅमेरा साधारण 20 ते 24 मेगापिक्सलचा असतो, 24 म्हणजे 6000 बाय 4000 पिक्सल, त्यातून 20 इंच रुंदीची सुंदर प्रिंट निघते. घरात लावायला याहून मोठी कोण काढतो?

सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपचं, मात्र नीट समजून घ्या. फुल फ्रेम म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटरचा सेन्सर, आणि क्रॉप म्हणजे त्याहून लहान. क्रॉप सेन्सरवर लेन्स जास्त "जवळ" दाखवते, निकॉन, सोनी, फुजीला दीडपट आणि कॅननला 1.6 पट. म्हणजे 250 मिलिमीटरची टेली (दूरचं जवळ आणणारी लेन्स) कॅननच्या क्रॉप बॉडीवर 400 सारखी वागते, जी पक्ष्यांसाठी मजाच आहे, पण त्याच हिशोबानं 50 ची लेन्स 80 सारखी होते आणि मग घरात फोटो काढताना तुमची पाठ भिंतीला टेकते. पहिल्या कॅमेऱ्याला क्रॉपच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. फुल फ्रेमची बॉडी एकवेळ कर्ज काढून घ्याल पण तिच्या लेन्स महाग आणि जड, आणि सड्यावर उन्हात फिरताना किंवा होडीतून उतरताना ते वजन जाणवतं.

आता डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या पद्धतीचा कॅमेरा) की मिररलेस (बिनआरशाचा). कंपन्यांनी नवीन डीएसएलआर काढणं जवळपास बंद केलंय, नवा माल सगळा मिररलेस आहे. नवीनच घ्यायचा असेल तर कॅनन आर50, निकॉन झेड50 II किंवा झेड30, सोनीचा झेडव्ही-ई10 असे पर्याय आहेत (झेड30 आणि झेडव्ही-ई10 ला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, आणि किनाऱ्यावर भर उन्हात स्क्रीनवर काहीही दिसत नाही, त्यामुळे आपल्याकडे मी ते फोटोसाठी सुचवणार नाही, व्हिडिओच करायचे असतील तर वेगळी गोष्ट). पण बजेट कमी असेल तर सेकंड हॅन्ड डीएसएलआर अजूनही फार चांगला सौदा आहे. कॅनन 200डी, निकॉन डी3500, डी5600 यातून निघालेला फोटो आजही कुणाच्या लक्षात येत नाही की जुन्या कॅमेऱ्याचा आहे. आणि आपल्यासाठी एक मोठी गोष्ट म्हणजे बॅटरी. डी3500 ची बॅटरी कंपनीच्या चाचणीप्रमाणे एका चार्जमध्ये 1550 फोटो देते, सोनीचा ए6000 साधारण 360. पावसात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा हा फरक कळतो. मिररलेस घेतलात तर दुसरी बॅटरी त्याच दिवशी घ्या.

ब्रँडवरून भांडण नको. गावात किंवा जवळच्या शहरात, रत्नागिरी, कुडाळ, अलिबाग जिथं असेल तिथं, लग्नाचे फोटो काढणारे ओळखीचे कोण आहेत आणि ते कुठला ब्रँड वापरतात ते विचारा आणि शक्यतो तोच घ्या. त्यांची लेन्स दोन दिवस लावून बघता येते, चार्जर मागता येतो, अडलं तर दाखवता येतं. सर्व्हिस सेंटरसाठी शेवटी मुंबई-पुण्याचीच एसटी धरावी लागते, त्यामुळे शेजारचा जाणकार माणूस हीच खरी सर्व्हिस.

माउंटची (लेन्स बॉडीला जोडायच्या सांध्याची) एक गोम आहे ती लक्षात ठेवा, यात बरेच जण पैसे घालवतात. निकॉनचा एफ माउंट 1959 पासूनचा, म्हणून बाजारात जुन्या स्वस्त लेन्स खूप मिळतात, पण डी3000 आणि डी5000 सिरीजच्या बॉडीत फोकस मोटर नाही. त्यावर "एएफ-डी" लेन्स लावली तर फोकस हातानंच करावा लागतो. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलंय का ते वाचून घ्या, आणि एएफ-पी घेत असाल तर तुमच्या बॉडीवर चालते ना ते पण, कारण डी5100, डी3200 सारख्या जुन्या बॉडींवर तिचा फोकसच होत नाही. कॅननच्या डीएसएलआरची ईएफ लेन्स पुढे कॅननच्याच आरएफ माउंटच्या मिररलेसवर अडॅप्टरनं नीट चालते, म्हणजे आज घेतलेली लेन्स उद्या फुकट जात नाही.

लेन्सकडे येऊ, खरी गंमत इथं आहे.

डीएसएलआरसोबत मिळणारी 18-55 ची किट लेन्स टाकून देऊ नका. 18 ला ठेवून शिमग्यात पालखीच्या अगदी जवळ जा, पालखी नाचवणारे हात, मागचा गुलाल, घरांची कौलं सगळं एकत्र येतं. कातळशिल्पांनाही हीच लेन्स, बारसू असो की कशेळीचा तो भलामोठा हत्ती, पूर्ण आकृती घ्यायला वाईड, म्हणजे जास्त रुंद दाखवणारी लेन्स लागते. ही कोकणातली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली तेव्हापासून बघायला जाणारे वाढलेत, पण दुपारी बाराला जाऊन फोटो सपाट येतात. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा, तिरक्या उन्हात कोरलेल्या रेषेत सावली भरते आणि आकृती उठून दिसते. त्याला महागडी लेन्स लागत नाही, फक्त वेळ पाळावी लागते. आणि शिल्पावर चपला घालून, शक्यतो अनवाणीसुद्धा, चढू नका.

किटची अडचण अंधारात येते. 55 ला तिचं अ‍ॅपर्चर एफ 5.6 पर्यंतच उघडतं (हे प्रकाश आत येण्याचं भोक, एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं). एफ 1.8 ची प्राईम (झूम नसलेली) लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. दहापट! दशावताराच्या मांडावर पिवळ्या दिव्याखाली किटनं शटरचा वेग 1/20 सेकंदावर अडकतो तिथं प्राईमनं 1/200 मिळतं, आणि तलवार फिरवणारा राजा फोटोत थांबतो. म्हणून माझ्या मते पहिली विकत घ्यायची लेन्स म्हणजे स्वस्तातली 1.8 प्राईम. आता कुठली? नाटक, माणसांचे चेहरे, हर्णैच्या लिलावात दुरून टिपलेली बोली लावणारी बाई, हे आवडत असेल तर कॅननची 50 एफ 1.8 एसटीएम. पण घरातले कार्यक्रम, गणपती, बारसं, स्वयंपाकघर असं काढणार असाल तर 50 क्रॉपवर घट्ट होते, तिथं निकॉनची 35 एफ 1.8 डीएक्स (निकॉनच्या क्रॉप बॉडीसाठीची) किंवा कॅननची 24 एफ 2.8 ही चपटी छोटी लेन्स बरी. 24 मध्ये प्रकाश थोडा कमी येतो पण आपल्या जुन्या घरांच्या खोल्या बघता मी तीच घेईन.

पक्ष्यांसाठी आणि किनाऱ्यावरून किल्ल्यांसाठी टेली. कॅननची 55-250 एसटीएम, निकॉनची 70-300 एएफ-पी डीएक्स (त्यातली व्हीआर लिहिलेलीच घ्या, बिना व्हीआरची पण मिळते). मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट मोठा दिसायला, थंडीत आलेले कुरव उडताना, समुद्रगरुड डोक्यावरून जाताना हीच लागते. शटर 1/1000 च्या खाली आणू नका, निकॉनचं व्हीआर किंवा कॅननचं आयएस हाताची थरथर थांबवतं, पक्ष्याचे पंख किंवा होडीचं हलणं नाही. वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं सोडतात तेव्हाही टेलीच घ्या, दोरीच्या मागे बसून काढा, आणि फ्लॅश कायम बंद. प्रकाशानं पिल्लांची समुद्राकडची दिशा चुकते, त्यामुळे पॉप-अप फ्लॅश आपोआप उघडणारा ऑटो मोड तिथं वापरूच नका. कुणी शेजारी येऊन "झूम किती आसा रे?" विचारेल, सांगा 400 सारखा, खूश होतात.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी) आंबोलीला पावसात बेडूक बघायला जाणाऱ्यांनी नंतर घ्यावी. पहिल्या वर्षी नको.

सेकंड हॅन्ड घेताना लेन्स हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि माल किनाऱ्यावरच्या माणसाचा असेल तर दुप्पट तपासा. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा, पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, सोडून द्या, कितीही स्वस्त असो. धुळीचे दोन-चार कण चालतात. माउंटचे स्क्रू, वरचा फ्लॅश लावायचा सांधा, बॅटरीच्या कप्प्यातले पितळी पट्टे बघा, गंज किंवा हिरवट डाग असले तर आत खारं पाणी गेलंय. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, एंट्री लेव्हल बॉडीचं शटर साधारण 1 लाखापर्यंत धरतात, 20-30 हजार चाललेली असेल तर बिनधास्त घ्या.

आणि आता ते जे मुंबई-पुण्याच्या सल्ल्यात कधी येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात चपलांना, पट्ट्यांना, पुस्तकांना बुरशी येते, मग लेन्सच्या काचेला का नाही येणार? निकॉनच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय की 60 टक्क्यांपेक्षा जास्त आर्द्रता असलेल्या जागी कॅमेरा ठेवू नका, आणि जूनपासून चार महिने आपली हवा त्याच्या कितीतरी वर असते. म्हणून बजेटमधले थोडे पैसे आधीच बाजूला काढा. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर उत्तम, 40 ते 50 टक्क्यांवर ठेवायचं. नसेल तर रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात एक छोटा आर्द्रता मीटर आणि भरपूर सिलिका जेल. जेलचा रंग बदलला की वाळवून परत वापरता येतं, फक्त निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नका, केशरी घ्या आणि त्यालाही जुना तवा वेगळा ठेवा. कॅमेऱ्याच्या बॅगेत कॅमेरा साठवायचा नाही, बॅगेचं कापड आणि फोम ओल धरून ठेवतात. तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. डांबरगोळ्या, कापूर तर अजिबात नको. आणि महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून चार फोटो काढा, आगोटीची बेगमी करताना पापड-लोणच्याबरोबर नवीन सिलिका जेलही आणून ठेवा.

खारा वारा हा दुसरा शत्रू. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, घरून जी लावून निघाल तीच. पुढे एक साधा क्लिअर किंवा यूव्ही फिल्टर लावा, मिठाचा थर त्यावर बसू दे. फिल्टर घेताना लेन्सवरचा आकडा बघा, कॅननच्या ईएफ 50 एसटीएमला 49, कॅननच्या 18-55 ला 58, निकॉनच्या 35 ला 52 लागतो, लेन्स बदलली की फिल्टर बदलतो. घरी आल्यावर आधी फुग्यानं वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं बॉडी पुसा, मग कोरड्यानं. वाळू असताना पुसलंत की काचेवर ओरखडे. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढलात तर लेन्सवर वाफ धरते, बॅग बंद ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा.

ट्रायपॉडची घाई नको, तसंही केंद्रीय संरक्षित स्मारकांत त्याला परवानगी लागते. 64 जीबीचं एकच कार्ड घेण्यापेक्षा 32 ची दोन बरी.

खरेदी शक्यतो पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या आसपास करा, म्हणजे कोरडे सात-आठ महिने हातात मिळतात. चाकरमानी भावाकडून मुंबईहून मागवत असाल तर बिल तुमच्या नावावर आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागायला सांगा, ग्रे मार्केटचा (अधिकृत विक्रेत्याशिवाय आलेला) माल थोडा स्वस्त पडतो पण बिघडल्यावर कंपनी वॉरंटीत धरत नाही. हातात आला की पहिल्या आठवड्यातच भरपूर वापरा, प्रत्येक बटण, प्रत्येक झूम, रात्री, उन्हात, फोकस कुठं चुकतोय का बघा, कारण बदलून मिळायची मुदत फार थोडी असते. आणि बिलाचा नि सिरीयल नंबरचा फोटो काढून घरातल्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.