एक केबल, तीन कामं: डॉकच्या तक्रारी सोडवताना काय शिकले

आयटी सपोर्टमध्ये नव्याने रुजू झालात की पहिल्या पंधरा दिवसांत एक तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, हमखास तुमच्या नावावर पडेल: “डॉक चालत नाही.” बाकी काही लिहिलेलं नसतं. (डॉक म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड, नेटवर्क आणि चार्जिंग एकाच केबलने लॅपटॉपला जोडून देणारा डबा.) माझ्याकडे असं पहिलं तिकीट आलं तेव्हा मी स्टोअररूममधून नवा डॉक आणला, जुन्याच्या जागी ठेवला, मॉनिटर सुरू झालेला पाहिला आणि तिकीट बंद केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा उघडलं गेलं. मी डॉक परत बदलला. तिसऱ्या वेळी आमच्या टीममधल्या वरिष्ठ मॅडम माझ्याबरोबर त्या टेबलापाशी आल्या. डॉकला हात लावण्याआधी त्यांनी तिथल्या सहकाऱ्याला विचारलं, “चालत नाही म्हणजे नेमकं काय होतं? चार्ज होत नाही, स्क्रीन दिसत नाही, की जोडलेली वस्तू सापडत नाही?” तो म्हणाला, “सकाळी सगळं ठीक असतं. दुपारी मोठं काम लावलं की प्लग लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते.”

म्हणजे तक्रार विजेची होती. मॉनिटर लागला म्हणून मी निर्धास्त झाले होते, आणि मॉनिटरचा त्या दुखण्याशी संबंधच नव्हता. डॉकच्या एका केबलमधून वीज, चित्र आणि डेटा अशी तीन कामं चालतात. तिघांचे नियम वेगळे, मर्यादा वेगळ्या. एक नीट चाललंय म्हणून दुसरंही नीट असेल असं धरून चालता येत नाही. मॅडमचा तो प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक तिकिटाला विचारते.

केबल लावल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत काय घडतं हे एकदा नीट समजून घ्या, कारण अर्ध्याहून जास्त दुखणी तिथेच असतात. यूएसबी-सी पोर्टमध्ये २४ पिना असतात. त्यांत सीसी नावाच्या पिनेवर सगळा कारभार ठरतो. काही जोडलेलं नसतं तेव्हा विजेच्या पिनेवर व्होल्टेजच नसतं. समोरच्या उपकरणातला ठरावीक रेझिस्टर सीसीवर जाणवला की पलीकडे खरंच कुणी आहे आणि प्लग कोणत्या बाजूने घातलाय हे दोन्ही कळतं. मग ५ व्होल्ट सोडले जातात, आणि त्याच पिनेवरून दोघांचं बोलणं सुरू होतं. डॉक सांगतो, माझ्याकडे ५, ९, १५ आणि २० व्होल्ट आहेत, प्रत्येकाला इतके अँपिअर. लॅपटॉप त्यातलं एक मागतो, डॉक होकार देतो, आणि मगच व्होल्टेज वर चढतं.

यात एक बारकावा मला फार उशिरा कळला. यूएसबी-सीमध्ये वीज देणाऱ्यालाच सुरुवातीला डेटाचा यजमान, म्हणजे डेटाची देवाणघेवाण चालवणारा, मानतात. चार्जिंग करणारा डॉक वीज देतो, त्यामुळे पहिल्या क्षणी डॉक यजमान असतो आणि लॅपटॉप पाहुणा. नंतर दोघं डेटाच्या भूमिकांची अदलाबदल करतात: वीज डॉककडूनच येत राहते, पण यजमानपद लॅपटॉपकडे जातं. यजमान झालेला लॅपटॉप मग विचारतो, “तुला आणखी कोणते मोड येतात?” डॉक डिस्प्लेपोर्टचं, म्हणजे मॉनिटरला चित्र पाठवण्याच्या पद्धतीचं, नाव घेतो, आणि तेव्हा कुठे चित्राची वाट उघडते. ही अदलाबदल अडकली तर चार्जिंग व्यवस्थित दिसतं, पण कीबोर्ड नाही, माऊस नाही, स्क्रीन नाही. “काढून परत लावा” हा आपला नेहमीचा सल्ला कामी येतो तो यामुळे. सगळी बोलणी पहिल्यापासून होतात. मात्र डॉकला स्वतःचा अडॅप्टर असतो, त्यामुळे लॅपटॉपची केबल काढली तरी डॉकमधल्या चिप जाग्याच राहतात. म्हणून डॉकचा अडॅप्टर भिंतीतून काढा, अर्धा मिनिट थांबा, मग लावा. नुसती केबल काढून-लावून न सुटलेल्या कितीतरी तक्रारी एवढ्याने सुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता त्या उतरणाऱ्या बॅटरीकडे येते. मॅडमनी केबल आणि लॅपटॉप यांच्यामध्ये यूएसबी-सीचा छोटा पॉवर मीटर लावला. आकडा आधी ५ वर होता, क्षणात २० वर गेला. करंट मात्र काहीही केलं तरी ३ अँपिअरच्या वर सरकेना. २० गुणिले ३, म्हणजे ६० वॉट. लॅपटॉपला भरल्या कामात ९० लागत होते. साध्या कामाला ६० पुरत होते, म्हणून सकाळी सगळं ठीक. दुपारी काम वाढलं की उरलेली वीज बॅटरीतून जात होती. डॉक ९० द्यायला समर्थ होता. मग अडत कुठे होतं? केबलमध्ये. ३ अँपिअरच्या वर करंट हवा असेल तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची चिप असावी लागते आणि “मी ५ अँपिअर पेलते” असं तिने सांगावं लागतं. तसं उत्तर आलं नाही तर डॉक ३ अँपिअरवर थांबतो, आणि ते बरोबरच आहे. केबल तापू नये म्हणूनच तो नियम आहे. त्या सहकाऱ्याने डॉकबरोबरची केबल आखूड पडते म्हणून दुसरी लांब केबल टेबलाखालच्या खाचेतून ओढून घेतली होती. मी दोनदा डॉक बदलला होता आणि दोन्ही वेळा तीच केबल नव्या डॉकला लावली होती.

२० व्होल्ट आणि ५ अँपिअर म्हणजे १०० वॉट, ही बरीच वर्षं वरची मर्यादा होती. २०२१ साली आलेल्या यूएसबी पॉवर डिलिव्हरी ३.१ मध्ये २८, ३६ आणि ४८ व्होल्टच्या पायऱ्या वाढल्या आणि मर्यादा २४० वॉटवर गेली. त्यासाठी केबलही त्या दर्जाची हवी. अडॅप्टरवरचा आकडा वाचताना एक वजाबाकी विसरू नका. डॉक स्वतःसाठी आणि त्याला जोडलेल्या वस्तूंसाठी काही वॉट बाजूला ठेवतो, आणि उरतील तेवढेच लॅपटॉपला मिळतात.

चित्राचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तिथे कागद-पेन्सिल घेऊन उत्तर काढता येतं. एका डिझायनर सहकारी ताईंनी तक्रार केली होती की नव्या फोर-के मॉनिटरवर माऊसचा बाण “चिकटल्यासारखा” चालतो. चार्जिंग ठीक, चित्र स्वच्छ, ड्राइव्ह ठीक. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा) ३० हर्ट्झ, आणि यादीत ६०चा पर्यायच नव्हता.

हिशोब असा. ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट: जवळपास ११.९ गिगाबिट प्रति सेकंद. ओळींमधली मोकळी जागा धरली की साडेबाराच्या आसपास. आता वाट किती रुंद आहे ते पाहा. यूएसबी-सीमध्ये वेगवान तारांच्या जोड्या चारच. डॉकला वेगवान यूएसबीही हवं असेल तर त्यातल्या दोन यूएसबीला जातात आणि चित्राला दोन उरतात. डिस्प्लेपोर्ट १.२ मध्ये एका जोडीचा, म्हणजे एका लेनचा, वेग ५.४ गिगाबिट. दोन लेनचे १०.८. पण प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात, त्यामुळे कामाचे उरतात ८.६४. साडेबारा त्यात मावत नाहीत. ३० हर्ट्झला लागणारे सहाच्या आसपास मावतात. म्हणून ३०. कुणीही बिघडलेलं नव्हतं.

डिस्प्लेपोर्ट १.४ पर्यंतचा वेग देणारा लॅपटॉप आणि डॉक असेल तर एका लेनचे ८.१ होतात, दोन लेनचे कामाचे १२.९६, आणि ६० हर्ट्झ अगदी काठोकाठ बसतं. दुसरा मार्ग म्हणजे चारही जोड्या चित्राला देणं. तसं केलं की डॉकवरचं यूएसबी वेगळ्या जुन्या तारांवर, म्हणजे यूएसबी २.० च्या ४८० मेगाबिटवर उतरतं आणि बाहेरचा एसएसडी रखडू लागतो. थेट यूएसबी-सीने जोडायच्या काही मॉनिटरांच्या मेनूत “जास्त रिझोल्यूशन की जास्त डेटा वेग” असा पर्याय असतो, तो याच वाटणीचा. ताईंचं काम आम्ही फार साध्या उपायाने भागवलं. मॉनिटर लॅपटॉपच्या स्वतःच्या एचडीएमआय २.० पोर्टला जोडला, बाकी सगळं डॉकवर ठेवलं. एकाच केबलचा आग्रह सोडायला काही हरकत नसते, आणि वापरणाऱ्याला तसं नीट समजावून सांगितलं तर तो ऐकतो.

दोन मॉनिटर लावायचे असतील तर तीच रुंदी दोघांत वाटली जाते. एका डिस्प्लेपोर्ट प्रवाहातून अनेक स्क्रीन चालवण्याच्या पद्धतीला एमएसटी म्हणतात. मॅकओएस तिचा वापर वेगवेगळ्या स्क्रीन वाढवायला करत नाही, त्यामुळे विंडोजवर दोन वेगळी चित्रं दाखवणारा तोच डॉक मॅकवर दोन्हीकडे एकच चित्र दाखवतो. ही तक्रार आली की डॉक बदलू नका. आधी लॅपटॉप कोणता ते विचारा.

डिस्प्लेलिंकचे डॉक निराळे. ते चित्र सॉफ्टवेअरने आकुंचित करून साध्या यूएसबी डेटासारखं पाठवतात. फायदा असा की जुन्या यूएसबी-ए पोर्टवरही जादा स्क्रीन मिळतात. त्याबदल्यात ड्रायव्हर लागतो, प्रोसेसरवर थोडा भार पडतो. कागदपत्रांच्या कामाला मी ते आनंदाने देते, व्हिडिओ एडिटिंगला देत नाही. थंडरबोल्ट ही त्याच प्लगची अधिक वेगवान जोडणी. तिची गोष्ट मोठी आहे, पण नवख्याला एवढं पुरे: २०१५ साली आलेल्या थंडरबोल्ट ३ मध्ये ४० गिगाबिटची एकच वाट असते आणि चित्र व डेटा तिच्यातून गरजेप्रमाणे जागा घेत जातात, जोड्यांची वरची कडक वाटणी तिथे लागू होत नाही. प्लगचा आकार मात्र हुबेहूब तोच. पोर्टशेजारचं थंडरबोल्टचं, आकाशातल्या विजेसारखं चिन्ह बघण्याची सवय डोळ्यांना लावून घ्या.

डेटाबद्दल एकच चित्र डोक्यात ठेवा: डॉकवर दहा पोर्ट दिसले तरी आतून तो एक यूएसबी हब आहे आणि लॅपटॉपकडे जाणारी वाट एकच. नेटवर्कचं पोर्टसुद्धा बहुतेक डॉकमध्ये त्याच हबला जोडलेलं यूएसबी नेटवर्क कार्ड असतं. एसएसडीवर बॅकअप चालू असताना व्हिडिओ कॉल अडखळतो अशी तक्रार आली तर एसएसडी थेट लॅपटॉपच्या दुसऱ्या पोर्टला लावून पाहा. आणि नेटवर्क कार्ड डॉकचं असल्यामुळे त्याचा नेटवर्कवरचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसही डॉकचा असतो. जिथे नोंदवलेल्या अ‍ॅड्रेसनाच नेटवर्क मिळतं, तिथे माणूस दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला की त्याचं इंटरनेट जातं. काही डॉक लॅपटॉपचाच अ‍ॅड्रेस पुढे करू शकतात. ती सोय फर्मवेअरमध्ये (उपकरणातल्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) किंवा बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) शोधावी लागते.

वायरलेस माऊसचं एक तिकीट मी कधी विसरणार नाही. माऊस डॉकजवळ अडकत होता, लॅपटॉपला लावला की सुरळीत. बॅटरी बदलली, माऊस बदलला, ड्रायव्हर बदलला. शेवटी लक्षात आलं की माऊसचा रिसीव्हर डॉकच्या मागच्या पोर्टात आहे आणि त्याला अगदी खेटून बाहेरची ड्राइव्ह लावली आहे. यूएसबी ३.० च्या वेगवान सिग्नलमधून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि माऊसही त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केलं होतं. रिसीव्हर एका छोट्या एक्स्टेंशन केबलने टेबलावर माऊसजवळ आणला, तेवढ्यात दुखणं गेलं. ही तक्रार डॉकच्या तिन्ही कामांत बसत नव्हती, म्हणूनच ती सापडायला मला इतका वेळ लागला.

सुरुवातीच्या महिन्यासाठी दोन वस्तू जवळ ठेवा. एक पॉवर मीटर. तो मध्ये असताना चित्र आलं नाही तर घाबरू नका, काही मीटर वेगवान जोड्या पुढे जाऊ देत नाहीत. वीज मोजून झाली की काढून ठेवा. दुसरी, तुम्ही स्वतः तपासलेली एक केबल: ५ अँपिअरची, चित्र नेणारी, आखूड. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच केबल्समध्ये वेगवान जोड्याच नसतात; त्यांच्यावर चार्जिंग होतं, स्क्रीन कधीच येत नाही. माझ्या केबलला मी पिवळी टेप गुंडाळली आहे आणि तपासणी नेहमी तिच्यापासून सुरू करते, डॉकपासून नाही.

आणि तिकीट बंद करताना तीन ओळी लिहा. त्या पहिल्या तिकिटावर मॅडमनी माझ्याकडून लिहून घेतल्या होत्या त्या अशा:

वीज: जुनी केबल ३ अँपिअरची होती, ५ अँपिअरची दिली, भरल्या कामात २० व्होल्ट, ४.४ अँपिअर.
चित्र: एक मॉनिटर, ६० हर्ट्झ, आधीपासून ठीक.
डेटा: कीबोर्ड, माऊस, नेटवर्क तपासले, ठीक. डॉक बदलण्याची गरज नव्हती. आधीचा डॉक परत बसवला.