रग्बीचा टॅकल शिकताना अमेरिकन फुटबॉलमधून येणाऱ्या या चुका टाळा

रग्बी म्हणजे हेल्मेट न घालता खेळलेला अमेरिकन फुटबॉल, अशी समजूत घेऊन अनेक मुले सरावाला येतात आणि त्यांच्या टॅकलमध्ये (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पकडून पाडण्यात) वारंवार दिसणाऱ्या दोषांचे मूळ बरेचदा याच समजुतीत असते. दोन्ही खेळ एकाच घरातले आहेत, हे खरे. इंग्लंडमधील रग्बी शाळेने १८४५ मध्ये आपल्या खेळाचे नियम लिहून काढले. (विल्यम वेब एलिसने १८२३ मध्ये चेंडू उचलून धाव घेतली, ही प्रसिद्ध कथा त्याच्या मृत्यूनंतर सांगितली गेली आणि तिला समकालीन पुरावा नाही.) १८७४ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डशी खेळला आणि हा खेळ अमेरिकेत रुजू लागला. पुढे तिकडचे नियम घडवणारे वॉल्टर कॅम्प यांच्या आग्रहाने तेथे १८८० मध्ये स्क्रमच्या (चेंडूसाठी दोन्ही संघांनी एकमेकांना गुंतून रेटण्याच्या) जागी स्क्रिमेज रेषा, म्हणजे दोन्ही संघांना समोरासमोर वेगळे ठेवणारी रेषा, आली, १८८२ मध्ये ‘डाउन’ची, म्हणजे ठरावीक प्रयत्नांत ठरावीक अंतर पुढे जाण्याची, पद्धत सुरू झाली आणि वाटा वेगळ्या झाल्या. आज अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडले की खेळ थांबतो. रग्बीत मात्र तो पडल्यावरच चेंडूसाठी खरी झुंज सुरू होते.

सर्वांत धोकादायक चूक या फरकातूनच येते. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचे असल्यामुळे अमेरिकन खेळात इंचभर जागाही मोलाची असते आणि बचाव करणारा समोरच्याला जागीच थोपवण्यासाठी धडक देतो. ती धडक पडद्यावर पाहिलेला मुलगा मान खाली घालून, डोळे मिटून, डोके पुढे करून झेपावतो. अशा वेळी आघात खांद्याऐवजी डोक्यावर आणि मानेवर येतो. डोके पुढे करून दिलेली धडक आता त्या खेळातही दोषच मानली जाते: अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये १९७६ पासून तिच्यावर बंदी आहे, तर सिएटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकांनी २०१४ मध्ये रग्बीच्या धर्तीवरील खांद्याच्या टॅकलचे धडे चित्रफितीतून खुले केले.

तुमचा टॅकल निसटत असेल किंवा डोक्याला मार बसत असेल, तर हातांआधी पाय तपासावेत. दोन पावले लांबून घेतलेली झेप जवळजवळ नेहमीच वाया जाते. जवळ जाऊन पावले लहान करावीत. ज्या खांद्याने टॅकल करायचा त्याच बाजूचा पाय समोरच्याच्या पायांजवळ रोवावा, पाठ सरळ व हनुवटी वर ठेवावी आणि नजर त्याच्या चड्डीवर असावी. धावणारा बाजूने जात असेल तर डोके त्याच्या पाठीमागे, गाल त्याच्या कुल्ल्याला टेकलेला असा असावा. डोके त्याच्या पुढे गेले तर त्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. मग दोन्ही हातांनी पाय आवळून पावले चालूच ठेवावीत. हातांची मिठी न घालता दिलेली खांद्याची धडक रग्बीत नियमबाह्य आहे, आणि खांद्यांच्या रेषेवरचा टॅकलही. इंग्लंडमधील हौशी सामन्यांत २०२३ पासून ही मर्यादा छातीच्या हाडाखाली आणली आहे. हे सारे आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत आणि नंतरच धावत घोटावे. पहिल्याच दिवशी पूर्ण वेगाने टॅकल करायला लावणे ही प्रशिक्षकाची चूक आहे.

कबड्डी खेळून आलेल्या आपल्याकडच्या मुलांना खाली वाकण्याची आणि मांडीची पकड घेण्याची सवय असते, ही मोठी जमेची बाजू. पण चढाई करणारा सुटू नये म्हणून पकड शेवटपर्यंत सोडायची नाही, हे त्यांच्या अंगात इतके भिनलेले असते की समोरचा खाली पडल्यावरही हात सुटत नाहीत आणि पंच पेनल्टी देतात. रग्बीत खाली पाडल्याक्षणी त्याला सोडून उठावे लागते; चेंडूला हात घालायचा तो आपल्या पायांवर उभे राहून. यासाठी ‘पाडा, सोडा, उठा’ हा क्रम एकाच सरावात सलग करून घ्यावा. पडलेल्या खेळाडूनेही चेंडू छातीशी कवटाळून न बसता, हात लांब करून तो आपल्या संघाच्या बाजूला ठेवावा.

बाकीच्या चुका लवकर सुटतात. सहकाऱ्याला वाट मोकळी करून देण्यासाठी चेंडू नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला अडवणे अमेरिकन खेळात कौशल्य असले, तरी रग्बीत तो अडथळा ठरतो. हाताने पुढे पास देण्याची मुभा तिकडे १९०६ मध्ये मिळाली. रग्बीत ती नाही. तसेच, तिकडे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोल रेषेच्या हद्दीत पोहोचला की टचडाउन होतो आणि गुण मिळतात, पण रग्बीत ट्रायचे पाच गुण चेंडू त्या रेषेवर किंवा तिच्यापलीकडे जमिनीवर टेकवल्याशिवाय मिळत नाहीत. रेषा ओलांडून आनंदाने हात उंचावणाऱ्याच्या हातून चेंडू निसटला की ते गुण गेलेच.

टॅकलनंतर एखादा मुलगा गोंधळलेला दिसला, तोल जाऊ लागला, डोके दुखते किंवा मळमळते म्हणाला, तर त्याच्या ‘मी ठीक आहे’वर विसंबू नये. त्याला ताबडतोब बाहेर काढावे, एकटे सोडू नये, त्या दिवशी पुन्हा खेळवू नये आणि डॉक्टरांनी तपासल्याखेरीज सरावालाही घेऊ नये.