श्टुइबनफाल: धबधब्याच्या बाजूने वाया फेराटा कशी चढायची

एखाददुसरी सोपी वाया फेराटा (म्हणजे कड्यावर कायमची लोखंडी केबल आणि पायऱ्या ठोकलेली चढाईची वाट) करून झाली की पुढची कुठली करू, असं युरोपातले ट्रेकर मित्र विचारतात तेव्हा मी डोळे झाकून श्टुइबनफाल सांगतो. ऑस्ट्रियात टायरोलमध्ये ओट्झटाल म्हणून खोरं आहे, त्यातल्या उमहाउझन गावाजवळ हा 159 मीटरचा धबधबा, टायरोलमधला सगळ्यात उंच. साधारण साडेनऊ हजार वर्षांपूर्वी जवळच्या कोफेल्स गावाशी डोंगराचा अख्खा भाग कोसळला, त्या ढिगाऱ्याने ओढ्याची जुनी वाट बुजली आणि पाणी नवीन वाट शोधत इथून खाली यायला लागलं. खाली दाट सूचीपर्णी जंगल, बाजूला पाण्याचा धो धो आवाज आणि तुम्ही केबलला लटकून कड्यावर, याला तोडच नाही.

इन्सब्रुकहून ट्रेनने ओट्झटाल स्टेशन, तिथून खोऱ्यात जाणारी बस पकडून उमहाउझन, मग ओढ्याच्या कडेने जंगलातून चालत कड्याच्या पायथ्याशी. युरोपात या वाटांना ए, बी, सी, डी, ई अशी ग्रेड असते, ई म्हणजे भयानक. ही जास्तीत जास्त सी, म्हणजे मध्ये मध्ये सरळ उभे पॅच लागतात आणि तिथे हातांना खरंच काम पडतं. भीमाशंकरचा शिडी घाट केलेल्यांना ओल्या लोखंडाची सवय असते, पण तिथे बहुतेक जण काहीच न बांधता चढतात आणि इथे पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत केबलला अडकलेलं राहायचं, ही शिस्त अंगात मुरायला वेळ लागतो.

सामान: हेल्मेट, हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा), ग्लोव्ह्ज, कडक सोलचे बूट आणि वाया फेराटाचा सेट. सेट म्हणजे दोन पट्टे, दोन कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या) आणि मध्ये शॉक अॅब्सॉर्बरची छोटी पिशवी. घरातल्या दोन स्लिंगला (शिवलेल्या साध्या पट्ट्यांना) कॅराबिनर लावून काम भागवायचं नाही म्हणजे नाही. कारण समजून घ्या, केबल दर काही मीटरवर अँकरने (जाड लोखंडी खुंटीने) कड्यात ठोकलेली असते, तुम्ही अँकरच्या तीन मीटर वर असताना हात सुटला तर कॅराबिनर केबलवरून घसरत थेट त्या अँकरपर्यंत येतो, वर पट्ट्याची लांबी धरा, म्हणजे चारेक मीटरची पडझड आणि ती झेलायला फक्त मीटरभर पट्टा. साधी स्लिंग यात तुटू शकते आणि नाही तुटली तरी झटका सगळा तुमच्या कमरेला. अॅब्सॉर्बरच्या आतली शिवण टराटरा उसवत जाते आणि तो झटका खाते. सध्याचे सेट 40 ते 120 किलो वजनाच्या माणसासाठी असतात, 40 च्या खालच्या मुलांना वरून वेगळा दोर लावून अनुभवी माणसानेच न्यायचं. आणि जुना सेट कुणी फुकट दिला तरी घेऊ नका, 2012 मध्ये टायरोलमध्येच सेटचे दोन्ही पट्टे तुटून एक जीव गेला आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी आपले सेट परत मागवले. स्वतःचा नसेल तर खोऱ्यातल्या स्पोर्टच्या दुकानात भाड्याने मिळतो, लेबलवरचं वर्ष बघूनच घ्या.

सेट चांगला आहे म्हणून पडलं तरी चालेल असं मात्र अजिबात नाही, खाली लोखंडी पायऱ्या आणि दगडाचे कोपरे असतात, अॅब्सॉर्बर उघडेपर्यंत त्यांच्यावर आदळायला होतं. त्यामुळे सगळं लक्ष न पडण्यावर ठेवा आणि ते पायांवर ठरतं. नवीन माणूस केबल दोन्ही हातांनी ओढत चढतो, पंधरा मिनिटांत कोपरापासून खालचे हात दगड होतात आणि मग बोटं उघडत नाहीत. पाय लोखंडावर किंवा कातळाच्या खाचेत नीट ठेवा, गुडघा सरळ करत उठा, हात फक्त तोल सांभाळायला. तिसरा छोटा पट्टा आणि कॅराबिनर हार्नेसला लावून ठेवा, दमलात की अँकरला अडकवून निवांत लटकता येतं.

अँकर आला की थांबा, पाय स्थिर करा, एक कॅराबिनर काढून पलीकडे लावा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. इथे एक खास गोष्ट म्हणजे पाण्याच्या आवाजात कॅराबिनरचं गेट (उघडणारी बाजू) बंद झाल्याचा क्लिक ऐकूच येत नाही, ग्लोव्ह्ज भिजलेले, तोंडावर तुषार, त्यामुळे दर वेळी डोळ्यांनी बघा आणि पट्टा एकदा खाली ओढून खात्री करा. दोन अँकरच्या मध्ये एकच माणूस, वरचा पुढच्या अँकरच्या पलीकडे गेल्याशिवाय खालच्याने निघायचं नाही. ओरडून काही उपयोग नाही म्हणून "ये", "थांब", "दमलो" याच्या हाताच्या खुणा खालीच ठरवून घ्या.

शेवटी धबधब्यावरून जाणारा तारांचा पूल येतो, तो हलतो, हलणारच. पायाखालच्या पाण्याकडे एकटक बघितलं की आपणच सरकतोय असं वाटायला लागतं, नजर पलीकडच्या काठावर ठेवा आणि छोटी पावलं टाका.

बर्फ वितळायच्या दिवसांत पाणी जोरात असतं, तुषार लांबपर्यंत येतात आणि लोखंड निसरडं होतं, म्हणून एक पातळ वॉटरप्रूफ जॅकेट हवंच. उन्हाळ्यात आल्प्समध्ये दुपारनंतर गडगडाट होतो, त्यामुळे सकाळी लवकर सुरू करा, वीज चमकायची शक्यता असेल तर त्या दिवशी केबलला हातच लावू नका, एवढी लांब स्टीलची तार वीज खाली घेऊन येते. वाट चालू आहे की बंद ते आदल्या दिवशी गावातल्या टुरिस्ट ऑफिसमध्ये विचारा. काही झालंच तर ऑस्ट्रियात डोंगरातल्या रेस्क्यूचा नंबर 140.

उतरताना केबलवरून परत यायचं नाही, वर येणाऱ्यांची वाट अडते. चालणाऱ्यांसाठी धबधब्याच्या बाजूने पायऱ्या, झुलता पूल आणि बघायला प्लॅटफॉर्म आहेत, त्या रस्त्याने या, पण हेल्मेट खाली पोहोचेपर्यंत काढू नका.